ठिगळाची बदनामी

मराठी समीक्षेत ‘ठिगळ’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. कादंबरीचे दोन भाग एकजीव झाले नाहीत की ‘ठिगळे जोडली आहेत’. कवीने ओवीशेजारी मुक्तछंद ठेवला की ‘ठिगळकाम’. ज्या कामावरून हा शब्द उचलला ते काम कसे चालते, हे असे शेरे मारणाऱ्यांना ठाऊक असते काय? नसते, असे आमचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी आम्ही फाटकी सॅकच पुढ्यात घेतो.

सॅक सहसा मधल्या कापडात फाटत नाही. ती फाटते पट्ट्याच्या मुळाशी, जिथे सारे ओझे बोटभर शिवणीवर येते. घरी ती शिवणारा माणूस (म्हणजे बहुधा बाई) आधी वजन कुठून कुठे जाते ते पाहतो. नायलॉनच्या सुटलेल्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन किंचित वितळवतो, नाहीतर धागे निघतच राहतात. मग आतून जुन्या जीनचा तुकडा, फाटीपेक्षा सगळीकडून दोन बोटे मोठा. कारण फाटीलगतचे कापडही एव्हाना दमलेले असते. तुकडा नेमका फाटीएवढा कापला तर टाके त्या दमलेल्या कापडातच पडतात आणि नवी फाट तिथूनच सुरू होते. त्यावर जाड सुई, मेण लावलेला दुहेरी दोरा आणि उलटी टीप. या टिपेत प्रत्येक टाका मागे वळून मग पुढे जातो, म्हणून एखादा तुटला तरी सारी ओळ चटकन उसवत नाही. साध्या धावदोऱ्याला हे जमत नाही. शेवटी चौकोन आणि त्यात फुली, म्हणजे ताण एका ओळीवर न येता वाटला जातो.

यात अडाणीपणा कुठे आहे? ठिगळ मूळ कापडाहून वेगळे दिसते, हे खरे. पण वेगळे दिसणे आणि न जुळणे या दोन गोष्टी आहेत. जोड ताण पेलतो की नाही, हा प्रश्न आमची समीक्षा विचारीतच नाही. ती फक्त रंग पाहते. नामदेव शिंपी होते, हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. त्यापलीकडे शिवणीचे काही शिकत नाही.

दुसरा पक्ष याहून गोड आणि म्हणून अधिक घातक आहे. त्याला गोधडी फार आवडते. आजीचा स्पर्श, जुन्या लुगड्यांची ऊब वगैरे. हाच पक्ष वर्गात लेव्ही-स्ट्रॉसच्या १९६२ सालच्या ग्रंथातला ‘ब्रिकोलाज’ शिकवतो, हाताशी असेल त्यातून नवे रचण्याची महती सांगतो. आणि त्याच वर्गात इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावाहून एस.टी.ने आलेला विद्यार्थी सॅकचा शिवलेला पट्टा भिंतीकडे करून बसतो. ब्रिकोलाज फळ्यावर, लाज त्याच्या खांद्यावर! गोधडी संग्रहालयात शोभते. सॅकवरचे ठिगळ मात्र ऐपत सांगते.

या पट्ट्यात उसाच्या हंगामात बीडकडून तोडणी कामगार येतात. त्यांच्या पोरांच्या दप्तराला जिथे खताच्या गोणीचा तुकडा लागतो, तिथे ‘घरच्या घरी दुरुस्तीचा आनंद’ हे शब्द आम्हांस उच्चारवत नाहीत. गरजेने घातलेल्या टाक्याला छंद म्हणणे हीही एक बदनामीच. (‘दप्तर’ हा शब्द फारसीतून आला तो कचेरीच्या कागदांसाठी, पेशव्यांचे दप्तर रुमालांत बांधलेले असे. तेव्हाचे कागद कापडाने सांभाळले, हे अभ्यासकांना चालते.) २०१५ साली शासनाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवण्याचा आदेश काढला. ओझ्यावर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. कार्यानुभवाच्या तासाला सुई हाती घेण्याची चर्चा मात्र फारशी कुणी केली नाही.

असो. यापुढे ज्यांना एखाद्या पुस्तकास ‘ठिगळे जोडलेले’ म्हणायचे आहे त्यांनी खुशाल म्हणावे. मात्र जोड कोणत्या पानावर उसवतो, तिथे ताण कशाचा होता आणि लेखकाने कोणता टाका घालायला हवा होता, एवढे त्यांनी लिहून द्यावे.