खुली रचना हवी, पण माप कुणाचे?

आम्ही रुळांवरची माणसे. लढाऊ विमानाशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. एका कारखान्यातला डबा दुसऱ्या कारखान्यातल्या डब्याला जोडता येतो, कारण कपलिंगचे माप एकच असते आणि ते रेल्वेने ठरवलेले असते. टपाल बंधूंना १९७२ सालचा पिनकोड ठाऊक आहे : पत्ता कोणत्याही भाषेत असो, सहा आकडे देशभर चालतात.

विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची 'खुली रचना' म्हणजे हेच. रडार, संगणक, पडदे यांच्या जोडणीचे नियम जाहीर व सर्वांना समान असले, की एका कंपनीची पेटी काढून दुसरीची बसवता येते. १९७३ साली अमेरिकी हवाई दलाने १५५३ क्रमांकाचे मानक काढले आणि अनेक पेट्या एकाच सामाईक तारेवरून बोलू लागल्या. परंतु आतले सॉफ्टवेअर कंपनीच्याच कुलपात राहिले. विमान तीस-चाळीस वर्षे उडते. त्यातल्या संगणकाचे भाग त्याआधीच बाजारातून नाहीसे होतात. मग मूळ विक्रेता सांगेल ती किंमत! म्हणूनच अमेरिकेने २०१९ पासूनच्या मोठ्या संरक्षण प्रकल्पांना खुली रचना कायद्यानेच लागू केली.

आपणही चटका सोसला आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि तेजसच्या उड्डाण-नियंत्रणाच्या कामातील तिकडची मदत बंद झाली. आपल्या लोकांनी ते काम पुरे केले. ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडाले. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कामगारांनी सुखोई-३० एमकेआय बांधली. त्या रशियन विमानात फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय यंत्रे एकत्र नांदतात.

तरीही 'खुले' या शब्दाने आम्ही हुरळून जात नाही. १९९१ पासून हा शब्द आला की कंत्राटदाराला दार खुले झाले, हाच कामगाराचा अनुभव आहे. पेट्या दहा कंपन्यांच्या असल्या, तर बिघाडाच्या वेळी दहाही जण एकमेकांकडे बोट दाखवतील. अखेर जीव वैमानिकाचा जातो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जोडणीचे नियम व कागदपत्रे सरकारच्या मालकीची असावीत. एकत्र जोडलेल्या यंत्रणेची चाचणी सार्वजनिक कारखान्यातच व्हावी. तिथल्या कायम कामगाराला नव्या तंत्राचे शिक्षण मिळावे. कपलिंगचे माप कितीही बिनचूक असले, तरी डबे जोडायला शंटिंगचा जाणता माणूस लागतोच. माप देशाचे आणि हात कामगाराचा, तरच ही रचना खरी खुली!