अकराव्या तासाची माणसं

चळवळीतले दोस्त विचारतात, तू अजून चर्चमध्ये जातोस? चर्चमधले विचारतात, तू सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातोस म्हणे? दोघांनाही मी हो म्हणतो आणि दोघांचीही तोंडं वाकडी होतात. एकाला मी बाटगा, दुसऱ्याला मी जातीयवादी. म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्याला शिव्या द्यायच्या त्यानं वाचून द्याव्यात.

आम्ही नगर जिल्ह्यातले. खापरपणजा दुष्काळात ख्रिस्ती झाला. मिशनवाल्यांनी खडी फोडायचं काम दिलं, धान्य दिलं, पोरांना पाटी दिली. लोक म्हणतात, भाकरीसाठी बाटले. हो, भाकरीसाठी. मग? गावची विहीर ज्यांनी बंद ठेवली ते धर्मनिष्ठ, आणि मरायचं नाकारलं ते आम्ही लाचार? मराठी ख्रिस्ती म्हटलं की साहित्यवाल्यांना रेव्हरंड टिळक आठवतात. 1895 साली ख्रिस्ती झाले. कवी मोठा, वाद नाही. पण ब्राह्मणानं धर्म बदलला की ते आध्यात्मिक स्थित्यंतर, आणि आमच्या म्हाताऱ्यानं बदलला की पोटाचा सौदा. जसा काही टिळकांना आत्मा होता आणि आम्हाला नुसतं पोट.

आता माझ्या विश्वासाचं. तो मला पुलपिटावरून मिळाला नाही, गोदीच्या गेटाबाहेर मिळाला.

मत्तयच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो, मजूर घेतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी दिवस मावळायला एक तास उरला असताना जातो, तरी काही माणसं तिथंच उभी. रिकामे का उभे राहिलात, असं विचारतो. ते म्हणतात, कुणी कामाला लावलंच नाही. तो त्यांनाही नेतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, एक एक दीनार. सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

आमचे पाळक यावर दरवर्षी सांगतात की देवाची कृपा उशिरा येणाऱ्यालाही मिळते. सांगोत. ते कधी नाक्यावर उभे राहिलेले नाहीत. मी राहतो. मुकादम येतो, बोट दाखवतो, तू, तू आणि तू. उरलेल्यांकडं बघतसुद्धा नाही. उरलेला माणूस आळशी नसतो. त्याचे पाय काम करणाऱ्यापेक्षा जास्त दुखतात, कारण काम करणाऱ्याला निदान दिवस कुठं गेला ते कळतं. आणि संध्याकाळी घरी पोराला भूक लागते ती तासावर मोजून लागत नाही. बाप एक तास राबला म्हणून पोराला एक घास भूक, असं नसतं. ही गोष्ट ज्यानं सांगितली त्यानं नाका पाहिला होता. सुताराचा पोरगा होता, पाहिलाच असणार. माझा विश्वास इथून सुरू होतो.

पण गोष्टीत एक जागा मला खुपते. कुरकुरणाऱ्यांना मालक म्हणतो, माझ्या पैशाचं मी हवं ते करीन. हे वाक्य मी रोज ऐकतो. सगळे कंत्राटदार हेच बोलतात. मालकाच्या मनात आलं म्हणून दिलं, तर उद्या मनात आलं नाही की संपलं. आम्हाला मनातलं नको, कायद्यातलं पाहिजे.

आणि ते एकदा मिळालं होतं, हे आमच्या पिढीला माहीतच नाही. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. त्याखाली मुंबईत बोर्ड आलं, नोंदणी आली. नोंदलेला कामगार हजर राहिला आणि काम निघालं नाही तरी त्याला हजेरीचे पैसे मिळायचे. म्हणजे कुणी कामाला लावलं नाही म्हणून कोणी उपाशी झोपायचं नाही. मत्तयचा विसावा अध्याय सरकारी कागदावर आला होता! तो कोणा पाद्रयानं आणला नाही, युनियननं आणला. गोदीला लागून जो रस्ता जातो त्याला पी. डिमेलोचं नाव आहे. तो गोदी कामगारांचा पुढारी, 1958 साली वारला. त्याच्या हाताखाली तयार झालेला जॉर्ज फर्नांडिस पाद्री व्हायला बंगलोरच्या सेमिनरीत गेला होता. तिथं फादर लोक वरच्या टेबलावर चांगलंचुंगलं खातात आणि शिकाऊ पोरं खाली, हे बघून बाहेर पडला आणि मुंबईत आला. (पुढं तो कुणाच्या टेबलावर जाऊन बसला ते सगळ्यांना माहीत आहे.) मग नव्वदनंतर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं, माल कंटेनरमधून न्हावाशेवाला गेला, आणि उरलेल्या कामावर आम्ही कंत्राटी पोरं पुन्हा बोट दाखवण्याची वाट बघत उभे.

आता दुसरा नाका, दाखल्याचा.

10 ऑगस्ट 1950 ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. 1956 ला शिखांना आत घेतलं, 1990 ला बौद्धांना. आम्ही आणि मुसलमान दलित बाहेरच. बौद्ध दोस्तांनो, दीक्षा घेतल्यापासून 1990 पर्यंत केंद्राच्या दारात तुमचेच बाप हा दाखला मागत उभे होते. धर्म बदलला म्हणून गावानं त्यांना काय वेगळं वागवलं होतं? मग आम्हाला काय विचारता, सवलत पाहिजे तर बाटलात कशाला?

मद्रासला रस्त्याकडेला बसणारा सूसाई नावाचा चांभार होता, धर्मानं ख्रिस्ती. सरकारनं चांभारांना टपऱ्या फुकट वाटल्या, त्याला नाही दिली. कोर्टात गेला. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तितकाच टिकून आहे हे सिद्ध करा. हातात तीच आरी, तोच फूटपाथ, तोच धंदा, आणि वर पुरावा आण म्हणे! 2007 ला रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. 2022 ला बाळकृष्णन आयोग नेमला. 2025 ला आंध्रच्या उच्च न्यायालयानं एका पास्टरला सांगितलं की तू ख्रिस्ती, तुला ॲट्रॉसिटीचा कायदा लागू नाही. जातीवरून शिवी देणारा काय अगोदर बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेट मागतो?

दहावीचा फॉर्म भरताना आमच्या क्लार्कनं सल्ला दिला, हिंदू महार लिही, कोण बघतंय. चुलतभावानं लिहिलं. शिष्यवृत्ती मिळाली, इंजिनियर झाला, आता चर्चला मागच्या दारानं येतो. मी ख्रिश्चन लिहिलं, मॅट्रिकवर थांबलो. मी शूर नव्हतो, बाप शेजारी उभा होता एवढंच. भावाला मी दोष देत नाही. पण नोव्हेंबर 2024 मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईचा दावा फेटाळताना सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आरक्षणासाठी असं करणं म्हणजे संविधानाशी लबाडी. तेव्हापासून त्याची झोप उडालीय. खोटं तो बोलला हे खरं. पण खरं बोलणाऱ्याला उपाशी ठेवणारा कागद कुणी केला?

आणि चर्च? पुरावा पाहिजे म्हणता, तर आमच्याच घरात आहे. त्रिचीला ख्रिस्ती कबरस्तानात भिंत आहे, अलीकडं सवर्णांची मढी, पलीकडं आमची. पुनरुत्थान झाल्यावर उठतानासुद्धा भिंत ओलांडून उठायचं का? 2022 साली हैदराबादचे पूला पहिले दलित कार्डिनल झाले. आनंद आहे, पण किती शतकं लागली? नगरकडं तर भिंतीचीसुद्धा गरज नाही, आमचं चर्च अजून महारवाड्यातच आहे. बाबासाहेबांनी फार आधी लिहून ठेवलंय की हिंदी ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध तोंड उघडत नाही. खोटं आहे का? आम्ही आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, परीक्षेसाठी करतो, व्हिसासाठी करतो. तिसऱ्या परिच्छेदासाठी कधी केली? तो विषय काढला की म्हणतात, चर्चमध्ये राजकारण नको. ज्याला सरकारनं खिळ्यांनी ठोकून मारलं त्याच्या घरात राजकारण नको!

पुढच्या महिन्यात युथ संडे आहे. पाळकांनी मला पंधरा मिनिटं बोलायला दिलीत, आरक्षणावर बोलायचं नाही या अटीवर. मी म्हटलं, नाही बोलत, मत्तय वीस वाचतो. त्यांना बरं वाटलं. मी वाचणार आहे, आणि वाचून झाल्यावर त्या अकराव्या तासाच्या माणसांत सूसाई कुठं उभा होता ते सांगणार आहे. चुलतभावाला पुढच्या बाकावर बसायला सांगितलंय, अजून हो म्हणाला नाही. चळवळीतल्या पोरांनीही यावं. नऊ वाजता सुरू होतं. त्या दिवशी जहाज लागलं तर मात्र मला कळवावं लागेल, कारण रविवारी खाडा केला की मुकादम सोमवारी बोट दाखवत नाही.