पार्स की पार्झ?

पार्स हे क्रियापद आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडात दिवसातून दहा वेळा येतं. बाहेर मात्र ते फारसं कुणी वापरत नाही. त्यामुळे उच्चाराचा घोळ! डिक्शनरीत बघाल तर अमेरिकन उच्चार 'पार्स', ब्रिटिश 'पार्झ', आणि त्यातला 'र' जवळजवळ गिळलेला. दोन्ही बरोबर.

हे सांगायचं कारण पावसचा माझा भाचा. कॉम्प्युटर शिकतोय. शब्द फक्त पुस्तकात वाचलेला. तोंडी परीक्षेत उत्तर येत होतं, पण "उच्चार चुकला तर हसतील ना मामा," म्हणून पठ्ठ्या गप्प बसला! मराठी माध्यमातली किती मुलं अशी गप्प बसत असतील?

गंमत म्हणजे हे काम आपल्याला नवं नाहीच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'भाग'. इंग्रजीत १६व्या शतकापासून वाक्यातल्या शब्दाची जात नि काम सांगणं म्हणजे पार्स करणं. आपल्या शाळेत याला 'व्याकरण चालवणे' म्हणत, भारदस्त शब्द पदपरिस्फोट. आणि 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ १९११ साली काढणारे मोरो केशव दामले कोण? मालगुंडच्या केशवसुतांचे भाऊ. म्हणजे आमच्या रत्नागिरीचेच की!

मी भाच्याला एक वाक्य दिलं: "आंबे विकणाऱ्या मावशीच्या मुलाला बोलाव." आता सांगा, आंबे कोण विकतंय? मावशी की मुलगा? 'विकणाऱ्या' हे धातुसाधित विशेषण, पण त्याचं विशेष्य कुठलं? दोन्ही अन्वय लागतात. माणूस संदर्भावरून ठरवतो. कंपायलरला असं अंदाजाने चालत नाही, त्याला नियम लागतो. सी भाषेत दोन इफ नि एकच एल्स आला की तो एल्स जवळच्या इफचा, असं ठरवूनच टाकलंय. अडचण तीच, आपल्या मावशीचीच!

भाच्याला ते पाच मिनिटांत कळलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांनी पार्सिंगची सुरुवात खुशाल मराठी व्याकरणाने करावी. इंग्रजी शब्द तर हवाच, नोकरी त्याच्यावरच मिळणार आहे. पण अर्थ आधी, उच्चार नंतर. आणि पोरांनो, पार्स म्हणा नाहीतर पार्झ म्हणा, पण उत्तर येत असेल तर तोंड उघडा.