वर्गातला प्रश्न आणि कृतिसंशोधनाचा अहवाल

शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात कृतिसंशोधनाला स्थान मिळून बराच काळ लोटला. बी.एड.च्या प्रशिक्षणार्थींना ते करावेच लागते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांच्या कर्तव्यांत त्याची गणना प्रशिक्षणाच्या बरोबरीने होते. आणि सेवेतील शिक्षकांकडूनही शिक्षणखाते वेळोवेळी असे अहवाल मागवीत असते. इतकी राजमान्यता लाभलेला हा उद्योग प्रत्यक्ष वर्गात मात्र फार थोडा रुजला, कारण ज्या कामाचा आरंभ मुलाच्या पाटीपासून व्हावयास हवा त्याचा आरंभ आपल्याकडे अहवालाच्या शीर्षकापासून होतो. आधी शीर्षकास मंजुरी, मग त्या शीर्षकाला साजेशी समस्या, आणि शेवटी त्या समस्येला साजेशी मुले, असा हा उलटा क्रम आहे; आणि तो पालटल्यावाचून कृतिसंशोधन हे शाळेच्या दफ्तरातील एका जाड फाइलीपलीकडे जाणार नाही, असे माझे मत आहे.

या पद्धतीचा उगम शाळेत झालेला नाही. कुर्ट लेविन या समाजमानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये अमेरिकेतील अल्पसंख्य समाजांच्या प्रश्नांविषयी लिहिताना, नियोजन, कृती आणि कृतीच्या परिणामांची पडताळणी यांचे पुनःपुन्हा फिरणारे आवर्तन मांडले, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयातील स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये तोच विचार ग्रंथरूपाने शाळांच्या व्यवहारास लावला. पुढे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी, अभ्यासक्रमाची खरी परीक्षा वर्गातच होते आणि म्हणून शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे, अशी भूमिका घेतली. परंतु ही नावे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या प्रकरणात जशीच्या तशी उतरविली जातात, म्हणून त्यांच्यापाशी अधिक रेंगाळण्याचे प्रयोजन नाही.

त्याहून आपल्या निकटचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या आदिवासी वस्तीत नेले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत एवढ्या तक्रारीवर त्या थांबल्या नाहीत. मुले का येत नाहीत याचा त्यांनी शोध घेतला. गुरे राखण्याचे काम मुलांकडे आहे हे ध्यानी आल्यावर शाळाच कुरणात नेली, आणि लहानग्यांसाठी ती पाड्यावरच्या अंगणात भरविली. तक्रारीचे रूपांतर कारणाच्या शोधात, कारणाचे रूपांतर कृतीत आणि कृतीच्या अनुभवातून पुढील कृतीची दुरुस्ती, हे सारे तेथे घडले. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्या अनुभवांची नोंदही ठेवली. त्या कार्यास कोणी कृतिसंशोधन म्हटले वा न म्हटले, तरी त्याचा प्राण तेथे होता.

सामान्य शिक्षकास कोसबाडएवढे कार्य उभारावयाचे नसते. त्याचा प्रश्न फार लहान असतो, आणि तो लहान असावा यातच त्याचे सामर्थ्य आहे. ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना गणितात येणाऱ्या अडचणींचा अभ्यास’ अशा विस्तीर्ण शीर्षकाखाली कोणालाच काही सापडत नाही. त्याऐवजी ५०३ मधून २६७ वजा करण्याचे एकच उदाहरण वर्गाला घालावे आणि चुकलेली उत्तरे निरखून पाहावीत. एका मुलाचे उत्तर ३६४ येते, कारण वर-खाली कोणताही अंक असो, मोठ्यातून लहान काढावयाचा एवढाच नियम त्याने मनाशी धरला आहे. दुसऱ्याचे ३३६ येते. त्याने हातचा घेतला, शून्याचे नऊही केले, परंतु तो दशक ज्या शतकातून आला त्या पाचाचे चार करावयाचे राहून गेले. तिसरा २०६ लिहितो. त्याने शून्याला ओलांडून हातचा थेट शतकातून एककाकडे नेला, आणि शून्यातून सहा जात नाहीत म्हणून तेथे शून्यच ठेवले. तिघांच्याही वहीवर सारखीच तांबडी फुली पडते आणि तिघांनाही ‘वजाबाकी कच्ची’ या एकाच सदराखाली घातले जाते. वस्तुतः पहिल्याला अंकाची स्थानिक किंमतच उमगलेली नाही, दुसऱ्याला ती उमगूनही व्यवहाराची एक पायरी सुटते, आणि तिसऱ्याला शंभराची मोड आधी दहांत व मग एककांत करावी लागते हे ठाऊक नाही. नाडी न पाहता सर्वांना एकच काढा देणाऱ्या वैद्यासारखे आपण या तिघांना तीच पन्नास उदाहरणे सरावासाठी देतो, आणि सरावाने चूक अधिकच पक्की होते.

येथे खऱ्या नियोजनाला प्रारंभ होतो. चुकीचे कारण हाती आल्यावर परिकल्पना आपोआप नेमकी होते: शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खेळातल्या नोटांनी मोड करण्याचा व्यवहार मुलांनी काही आठवडे स्वहस्ते केला, तर शून्य ओलांडण्याची चूक कमी होईल. कृती कोणती, किती काळ, दिवसाच्या कोणत्या तासाला, आणि तेवढ्या वेळात त्याच खोलीतील दुसऱ्या इयत्तेची मुले काय करतील, हे आधीच ठरवून ठेवावे; द्विशिक्षकी शाळेत हा शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा ठरतो आणि छापील नमुन्यांत त्याला कोठेच जागा नसते. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्या जोडीला, उपक्रम संपून महिना उलटल्यावर तिसरी चाचणीही घ्यावी, कारण आज आलेले उद्या टिकते किंवा नाही हाच पालकाचा आणि पुढल्या इयत्तेच्या शिक्षकाचा प्रश्न असतो. रोजच्या चार ओळींची टिपणवही मात्र अनिवार्य समजावी. कोणत्या मुलाने दहाची नोट मोडावयास नकार दिला, कोणी दुसऱ्याला समजावून सांगितले, पावसामुळे हजेरी किती घटली, हा मजकूर ज्या त्या दिवशीच लिहिला गेला पाहिजे. मागाहून आठवून लिहिलेली नोंद लेखकाच्या इच्छेप्रमाणे वळण घेते.

बारा-पंधरा मुलांच्या वर्गावर टी-मूल्य काढून सार्थकतेची पातळी नमूद करण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो माझ्या मते सोडून द्यावा. त्या वर्गाविषयी जे कळले ते त्या वर्गापुरते खरे आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बारा मुलांची बारा उत्तरे, कृतीपूर्वीची आणि नंतरची, एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडली तर कोणत्याही सूत्राहून अधिक बोलतात.

लेखनाविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गरज व महत्त्व, उद्दिष्टे, व्याप्ती व मर्यादा, कार्यपद्धती, निष्कर्ष आणि शिफारशी हा अहवालाचा सांगाडा वाईट नाही. पण तो भरताना कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला लपण्याची जी सवय जडली आहे, ती घातक आहे. ‘उपक्रम राबविण्यात आला’, ‘विद्यार्थ्यांत लक्षणीय प्रगती आढळून आली’ अशा वाक्यांत कोणी काय केले याचा थांग लागत नाही, आणि म्हणूनच ती एका अहवालातून दुसऱ्यात बिनदिक्कत उचलता येतात. शिक्षकाने ‘मी’ म्हणून लिहावे, मुलांच्या चुका त्यांच्याच अक्षरांत जोडाव्यात, मुलाचे नाव झाकावे पण त्याचे बोलणे झाकू नये, आणि जे साधले नाही तेही तितक्याच विस्ताराने सांगावे. ज्या तीन मुलांवर नोटांचा खेळ चालला नाही, त्यांचे प्रकरण पुढच्या शिक्षकाला सर्वांत अधिक उपयोगी पडते.

आणि येथेच खात्याची जबाबदारी येते. प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता अजमावून त्याला आवश्यक तेथे पूरक अध्यापन करणे हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरविलेले आहे. कृतिसंशोधन म्हणजे त्याच कर्तव्याचे पद्धतशीर पालन होय, मग ते त्याच्या माथ्यावर वेगळे ओझे म्हणून का लादावे? त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीजच्या अशैक्षणिक कामांस मनाई केलेली असताना, माहितीचे तक्ते भरून देण्यात त्याचे तास खर्ची पडतात, आणि वर संशोधनाचा अहवाल ठराविक मुदतीत, ठराविक पृष्ठांत मागितला जातो. मुदतीच्या या तगाद्यातूनच तयार अहवालांची उसनवारी वाढते. यश दाखविणाऱ्यालाच गुण आणि प्रशस्तिपत्र मिळणार असेल, तर अपयश प्रामाणिकपणे लिहिण्याचे धैर्य कोणी का दाखवावे?

म्हणून शिक्षण महाविद्यालयांतील परीक्षकांस आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांस माझी विनंती आहे. अहवालाची पृष्ठसंख्या मोजणे थांबवावे. केंद्राच्या दरमहाच्या शिक्षण परिषदेत एक तास राखून एका शिक्षकाचे एकच टिपण, त्यातील मुलांच्या वह्यांसह, सर्वांसमक्ष वाचावे आणि त्यावर चर्चा करावी. आणि ज्या अहवालात एकाही मुलाची एकही खरी चूक सापडत नाही, तो कितीही सुबक बांधलेला असला तरी शेरा मारून परत पाठवावा.