काळवंडलेले नाणे घासू नका : जोगळटेंभीच्या नाण्यांची साक्ष

१/१०
प्राचीन चांदीच्या नाण्याची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे आपण नेहमी पाहतो. आधी काळे, हिरवट, खडबडीत, नंतर लखलखीत. खाली कौतुकाचा वर्षाव. माझे मत स्पष्ट आहे : घरी घासून ‘उजळलेल्या’ नाण्यात बहुधा इतिहास उजळलेला नसतो, पुसलेला असतो. आपल्याच मातीतले एक उदाहरण पाहू. #धागा

२/१०
१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. परंतु त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता.

३/१०
नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख व ग्रीक लिपीतील अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. गौतमीपुत्राने ही नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच एकीकडे कमानींचा चैत्य व आपले नाव, तर दुसरीकडे ‘उज्जैन चिन्ह’ ठोकले. जुना ठसा खाली अंधूक उरला.

४/१०
नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमी बलश्री सांगते की आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला. तो मातेने केलेला पुत्रगौरव आहे. त्यात अतिशयोक्तीची शंका घेता येते. पराभूताच्या मुखावर उमटलेला विजेत्याचा ठसा त्या शब्दांना स्वतंत्र आधार देतो.

५/१०
हा पुरावा नेमका कुठे असतो? नव्या ठशाखाली उरलेल्या नाकाच्या रेषेत, एखाद्या ग्रीक अक्षराच्या अर्ध्या दांडीत. त्यांचा उठाव मिलिमीटरच्या अंशाएवढा. रांगोळी, राख वा टूथपेस्टने घासताना प्रथम झिजते ते हेच.

६/१०
आता ‘मळा’विषयी. चांदी गंधकाशी संयोग पावली की काळा सल्फाइडचा थर बनतो. जमिनीतील क्षारांमुळे करडे, मेणचट सिल्व्हर क्लोराइड तयार होते. मिश्रधातूतील तांबे हिरवे पुट देते. म्हणजे हा थर बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. तो बऱ्याच अंशी नाण्याचाच बदललेला धातू आहे. कित्येकदा मूळ पृष्ठभागाची अक्षरे त्या थरातच टिकलेली असतात. थर खरवडला की अक्षरेही गेली.

७/१०
चिंच आणि लिंबू घासत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. आम्ल हिरव्या पुटाबरोबर मिश्रधातूतील तांबेही विरघळवते. पृष्ठभाग सच्छिद्र होतो, आणि पुढे कोणी त्याचे रासायनिक परीक्षण केले तर चांदीचे प्रमाण खऱ्याहून अधिक दिसते. एखाद्या राजाने नाण्यातील चांदी घटवली का, हा आर्थिक इतिहासाचा कळीचा प्रश्न. त्याचे उत्तरच आपण बिघडवतो.

८/१०
आक्षेप रास्त आहे : ‘मग वाचता न येणारे नाणे तसेच ठेवायचे?’ नाही. संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने थर काढतात. गरजेनुसार क्लोराइड विरघळवणारे थायोसल्फेटही वापरतात. फरक रसायनात नाही, निर्णयात आहे : आधी नोंद, मग परीक्षण, मग किमान उपचार, आणि थांबायचे कुठे याचे भान. दीर्घकाळ पुरलेली चांदी ठिसूळ झालेली असू शकते. बोटांच्या दाबानेही तिचे तुकडे होतात.

९/१०
आपण काय करावे? दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा. वजन व व्यास लिहून ठेवा. नाणे कडेने धरा. कोरड्या जागी, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचे प्लास्टिक टाळा. ते कुठून आले, हे ठाऊक असेल तर अवश्य नोंदवा. जमिनीत सापडलेला, १० रुपयांहून अधिक मूल्याचा निधी असेल तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

१०/१०
जोगळटेंभीची नाणी शोधणाऱ्यांनी चकाकीसाठी घासून काढली असती, तर हाती नुसती चांदी उरली असती. नहपान आणि गौतमीपुत्र यांचा संबंध सांगणारा इतका थेट पुरावा आपण गमावला असता. घरात आजीच्या डब्यात असे एखादे काळे नाणे असेल, तर ते आज घासू नका. आधी जाणकाराला दाखवा.