स्विमिंग पूलच्या फलकावर न लिहिलेला आकडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ओपीडीत कान दुखणारी, अंगावर पुरळ आलेली, जुलाब लागलेली मुलं वाढतात. "पोहायला जातो का हा?" असं विचारलं की बरेच पालक सांगतात, "हो डॉक्टर, पण आमचा पूल मिठाच्या पाण्याचा आहे. त्यात क्लोरिन नसतो." भिवंडीत काल्हेर, कोनगाव, कल्याण रोड या भागांत नवी संकुलं उभी राहिली आहेत आणि त्यातल्या काहींत पूल आहेत. वीकेंडला पडघा-वज्रेश्वरीकडच्या फार्महाऊसवर जाणारी कुटुंबंही बरीच आहेत. म्हणून आज गोळ्या-औषधांऐवजी पुलाच्या पाण्याबद्दल लिहितो आहे.

मिठाच्या पाण्यातही क्लोरिनच असतो

या पुलात प्रत्येक लिटर पाण्यात साधारण ३ ते साडेतीन ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात याच्या दहापट असतं. हे पाणी मशीनमधून जातं, तिथे विजेच्या साहाय्याने मिठापासून क्लोरिन तयार होतो आणि तोच जंतू मारतो. मीठ स्वतः जंतू मारत नाही. म्हणजे फरक इतकाच, की क्लोरिन डब्यातून ओतण्याऐवजी तिथल्या तिथे बनतो.

हा क्लोरिन उन्हात टिकत नाही. मे महिन्यातल्या भर उन्हात दोन तासांत त्यातला बहुतेक नाहीसा होतो. तो टिकावा म्हणून पाण्यात सायन्युरिक ॲसिड घालतात. बाजारात त्याला स्टॅबिलायझर किंवा कंडिशनर म्हणतात. ते क्लोरिनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं.

धरून ठेवलेला क्लोरिन कामाचा नसतो

ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे, त्यांना हे लगेच समजेल. रिपोर्टवर 'टोटल टी ४' आणि 'फ्री टी ४' असे दोन आकडे असतात. रक्तातलं बहुतेक संप्रेरक प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि जे मोकळं असतं तेच काम करतं. पुलात तसंच घडतं. स्टॅबिलायझरला चिकटलेला क्लोरिन हा साठा आहे. जंतू मारतो तो मोकळा राहिलेला थोडासा भाग. अडचण अशी, की पुलावरच्या नेहमीच्या टेस्ट किटमध्ये हा चिकटलेला क्लोरिनही मोजला जातो. २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, क्लोरिन असलेले दोन पूल घ्या. एकात स्टॅबिलायझर ४० आहे, दुसऱ्यात ८०. फलकावर दोन्हीकडे '२' असंच लिहिलेलं असेल, पण दुसऱ्यात जंतू मारणारा क्लोरिन पहिल्याच्या साधारण निम्मा असेल.

म्हणून अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते की साध्या पाण्यात क्लोरिन किमान १ पीपीएम हवा, पण स्टॅबिलायझर वापरत असाल तर किमान २ हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टॅबिलायझर १०० च्या वर जाऊ नये. सोपा हिशेब असा, की स्टॅबिलायझर क्लोरिनच्या २० पटींपेक्षा जास्त नसावा. तो ४० असेल तर क्लोरिन किमान २, आणि ८० असेल तर किमान ४.

सावली असेल तर गणित बदलतं

मिठाच्या मशीनच्या पुस्तिकेत बहुधा स्टॅबिलायझर ६० ते ८० ठेवा असं लिहिलेलं असतं. मशीन दिवसभर थोडाथोडा क्लोरिन बनवतं, उघड्या पुलात तो ऊन खाऊन टाकतं, त्यामुळे दिवसभर ऊन झेलणाऱ्या पुलासाठी हा सल्ला बरोबर आहे. पण आपल्याकडचे पूल दोन टॉवरच्या मध्ये असतात, किंवा आंब्या-नारळाच्या सावलीत. पाण्यावर जेमतेम तीन-चार तास थेट ऊन पडतं. अशा पुलाला तेवढं संरक्षण लागतच नाही.

माझं मत असं, की अर्धवट सावलीतल्या पुलात स्टॅबिलायझर ३० पासून सुरू करावा. मशीन व्यवस्थित चालूनही संध्याकाळी क्लोरिन २ च्या खाली जात असेल, तरच १० ने वाढवावा, आणि ५० च्या पुढे जाऊ नये. सावलीतही थोडे अतिनील किरण येतात, म्हणून उघड्यावरच्या पुलात तो शून्य ठेवून चालत नाही. पूर्ण छताखालच्या पुलाला मात्र त्याची गरज नाही.

इथे एक गैरसमज नको. सावलीमुळे उन्हात जाणारा क्लोरिन वाचतो. पोहणाऱ्यांचा घाम, लघवी, तेल आणि पडलेली पानं यांवर खर्च होणारा वाचत नाही. स्टॅबिलायझर कमी ठेवा, क्लोरिन कमी करू नका.

घालणं सोपं, काढणं अवघड

आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त झालं तर पाणीच वाढवावं लागतं. स्टॅबिलायझरचंही तसंच आहे. एक लाख लिटरच्या पुलात १ किलो पावडर घातली की तो १० पीपीएमने वाढतो. पण तो उडून जात नाही आणि उन्हाने नाहीसा होत नाही. ८० वरून ४० वर आणायचा तर अर्धं पाणी बदलावं लागतं, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. मे महिन्यात, घरात पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या भिवंडीत, पुलासाठी पाच टँकर कोणत्या तोंडाने मागवणार?

तो नकळत वाढतो तो गोळ्यांमुळे. मशीन बंद पडलं की कर्मचारी टीसीसीए ९० च्या गोळ्या टाकतात. त्यात क्लोरिनसोबत स्टॅबिलायझरही असतो. त्यातून १० पीपीएम क्लोरिन मिळाला की ६ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो. रोज २ पीपीएम क्लोरिन या गोळ्यांतून दिला, तर महिन्यात स्टॅबिलायझर ३६ ने वाढतो. मशीन दुरुस्त होईपर्यंत द्रवरूप क्लोरिन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट वापरलं तर हे टळतं. पावसाळ्यात उलट होतं. पूल भरून वाहतो, मीठ आणि स्टॅबिलायझर दोन्ही कमी होतात. म्हणून पावसाळ्यानंतर न मोजता 'दरवर्षीचा डोस' टाकू नये.

डॉक्टरला याची काळजी का?

स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात १ पीपीएम क्लोरिन ई. कोलायचे घातक प्रकार एका मिनिटाच्या आत मारतो, हिपॅटायटिस ए चा विषाणू साधारण १६ मिनिटांत, जिआर्डिया ४५ मिनिटांत. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाबाच्या परजीवीला दहा दिवसांहून जास्त लागतात. स्टॅबिलायझर वाढला की हे सगळे वेळ लांबतात, आणि तेवढ्या वेळात पुढचं मूल पाणी गिळतं. पुलात कुणाला जुलाब झाले, तर क्लोरिन २० पीपीएमपर्यंत नेऊन २८ तास पूल बंद ठेवण्याची सीडीसीची पद्धत आहे, पण त्यासाठी स्टॅबिलायझर १५ किंवा त्याहून कमी असावा लागतो. जास्त असेल तर आधी पाणी काढा.

तुम्ही काय करायचं?

• सोसायटीच्या फलकावर क्लोरिन आणि पीएच रोज, स्टॅबिलायझर किमान महिन्यातून एकदा तारखेसह लिहायला सांगा. पीएच ७.२ ते ७.८ असावा.
• पिवळा रंग येणाऱ्या ऑर्थोटोलिडिन किटऐवजी गुलाबी रंग येणारं डीपीडी किट आणि स्टॅबिलायझरचं वेगळं किट घ्यायला लावा.
• मशीन बंद असताना कोणत्या गोळ्या टाकल्या, ते विचारा.
• मुलाला जुलाब होत असतील तर पोहायला पाठवू नका. क्रिप्टोस्पोरिडियमचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे नको.
• पोहण्याआधी अंघोळ, आणि पाणी न गिळण्याची सवय लावा.

पूल सांभाळणाऱ्या मुलाशी यावरून भांडू नका. त्याला सहसा कुणी हे शिकवलेलं नसतं आणि किटसाठी पैसेही दिलेले नसतात. ते पैसे मंजूर करणं सोसायटीच्या कमिटीचं काम आहे. पुढच्या सभेत पुलाच्या दिव्यांआधी हा विषय घ्या.