इंग्रजी किंवा काहीच नाही

साठी उलटली तसे माझे कान हळूहळू उणे होत गेले. आता सत्तरीही मागे पडली. पूर्ण बहिरी नाही मी, अर्धवट आहे, आणि अर्धवट बहिरेपणाने घरात जास्त भांडणे होतात. पूर्ण बहिऱ्या माणसाला लोक निदान खुणा तरी करतात. माझ्यावर नुसते ओरडतात.

वय झाले की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, असे कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. मराठीच्या बाईच्या भाषेत सांगायचे तर स्वर राहतात आणि व्यंजने जातात. स, श, थ, फ हे पहिले बळी. 'शाळा'चे 'आळा' होते, 'सात'चे 'आत'. चौतीस वर्षे पोरांचे श आणि ष सुधारण्यात घालवली, आता दोन्ही मला सारखेच! कानात मशीन आहे. पण ते संवाद मोठा करते तसे पार्श्वसंगीतही मोठे करते, आणि आपल्या मालिकांत सासूने भुवई उचलली तरी तीनदा ढोल वाजतो.

तर मंडळी, मुद्दा सिनेमाचा आहे. आमच्या घरात शंभरेक डिस्क आहेत. काही इथे परंड्यात बसस्टँडजवळ घेतल्या, काही बार्शीला लग्नाच्या बस्त्याला गेलो तेव्हा, काही मुलाने पुण्याहून आणल्या. आधी व्हीसीडी होत्या, एक सिनेमा दोन-तीन तबकड्यांत कापलेला; नायिका रडायला लागली की उठून तबकडी बदलायची. मग डीव्हीडी आल्या. त्या अजून चालतात. लोक हसतात, हसोत. लोडशेडिंग नसेल तर माझा सिनेमा मधेच गोल गोल फिरत थांबत नाही.

ऐकू येईनासे झाले तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी वायर जोडून द्यायला घरी आला होता. त्याचे डीव्हीडीचे दुकान होते, आता तिथे मोबाइलची कव्हरे विकतो. म्हणाला, "बाई, खाली अक्षरं लावून देऊ का? वाचत बघा." मला एवढा आनंद झाला! त्याने रिमोटवरचे बटण दाबले. पडद्यावर दोनच पर्याय आले. इंग्रजी. आणि बंद.

"मराठी कुठंय रे?"

"मराठी सिनेमाला मराठी कशाला असेल, बाई?"

प्रश्न त्याने निरागसपणे विचारला होता. त्यानंतर मी घरातल्या डीव्हीडी एकेक करून तपासल्या. काहींत अक्षरेच नाहीत, ज्यांत आहेत त्यांत इंग्रजी. मराठी एकीतही सापडली नाही. मुलाच्या घरी ओटीटीवर मी जे मराठी सिनेमे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची तीच गत. म्हणजे मराठीत बी.ए. झालेल्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईने मराठी माणसांचे मराठी बोलणे इंग्रजीतून वाचायचे! माझे इंग्रजी बेताचे. ओळ वाचून अर्थ लागेपर्यंत पुढची येते. आणि कळते तेव्हा काय कळते? मामा, काका, मावशीचे यजमान, शेजारचे आजोबा, सगळे अंकल. अहो गेले, अरे गेले, अगं गेले, सगळ्यांना एकच 'यू'. बायको नवऱ्याला रागाने अहो म्हणते की लाडाने, हे जिथे कळायला हवे तिथेच भाषांतर गप्प बसते.

यावर मला जी उत्तरे मिळाली ती ऐका. (लिहून दिली होती, म्हणून कळली.)

पहिले: तांत्रिक अडचण, देवनागरीचे फॉन्ट. हे मला आधी खरे वाटले होते. पण डीव्हीडीवरची उपशीर्षके फॉन्टने उमटत नाहीत, ती चित्रे असतात, तयार करून ठेवलेली. पाहिजे तर मोडीत लिहा, यंत्राला काही फरक पडत नाही. अशा ३२ भाषांची सोय एका तबकडीवर ठेवता येते. ३२ खोल्यांचा वाडा, आणि घरच्या म्हातारीला खोली नाही.

दुसरे: खर्च. अहो, इंग्रजी ओळी लिहिणाऱ्याने त्या कशावरून लिहिल्या? मराठी संवादांवरूनच ना! संवाद कागदावर आहेत, कोणती ओळ कोणत्या सेकंदाला हे ठरलेले आहे. मराठी अक्षरांसाठी भाषांतराची पायरी उलट वाचते.

तिसरे उत्तर सर्वांत जास्त लागले: "मराठी माणसाला मराठी वाचायला लावणे हा अपमान आहे." कोणाचा? फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हा पडद्यावर इंग्रजीबरोबर देवनागरी अक्षरेही होती. तेव्हा वाचता येणारे मूठभर, तरी त्या गृहस्थांना ती घालावीशी वाटली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि सगळ्यांना ऐकू येते असे गृहीत धरले गेले. ते आजतागायत.

आणि हा प्रश्न काही एकट्या म्हातारीच्या कानांचा नाही. माझा नातू पुण्यात इंग्रजी शाळेत जातो. सुटीत आला तेव्हा आम्ही 'सैराट' लावला. त्यातली बोली करमाळ्याकडची, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातली. मला शब्दन् शब्द समजला असता, पण ऐकू येत नव्हता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू येत होता, पण समजत नव्हता. दर दोन मिनिटांनी "आजी, म्हणजे काय?" आणि मी "काय म्हणाली रे?" खाली मराठी अक्षरे असती तर त्याचे वाचन झाले असते आणि मी अर्थ सांगितला असता. त्याऐवजी तो इंग्रजी मागू लागला.

यात वाचनाचा फायदा आहे, हे माझे म्हातारपणाचे खूळ नव्हे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी १९९६ पासून हेच सांगत आले आहेत. ते अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर स्पॅनिश सिनेमा पाहत होते. खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच अक्षरे असती तर आपली स्पॅनिश सुधारली असती, असे त्यांना वाटले. तिथून दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवण्याचे काम सुरू झाले. गाणे पाठ असते, डोळा आपोआप अक्षरांवर जातो. मी पहिलीच्या पोरांना फळ्यावर बोट ठेवून कविता म्हणायला लावायची, ती हीच युक्ती. पुढे मराठी वाहिनीवरही चित्रपटगीतांखाली मराठी ओळी दाखवण्याचा प्रयोग झाला. पण गाणे संपले की अक्षरे संपली. मला 'संत तुकाराम'मधले अभंग वाचायचे नाहीत हो, ते पाठ आहेत! मला माणसे काय बोलतात ते वाचायचे आहे.

कायदा आहे. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा. ऐकू न येणाऱ्यांसाठी टीव्हीवर काय करावे याचे नियम २०१९ साली आले, चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना मार्च २०२४ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि भाषणे झाली. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते, ते आपल्याच पैशातून. त्या अर्जात एक अट घाला: मराठी संवाद मराठी अक्षरांत हवेत. नाहीत, तर हप्ता नाही. शाळेत आम्हाला एका खडूच्या खोक्याचा हिशोब द्यावा लागायचा, निर्मात्यांना एवढेही जड जाऊ नये.

असो. कोणी करील म्हणून वाट पाहण्याचे माझे वय नाही. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला 'सामना' मी तरुणपणी पाहिला होता. तेंडुलकरांचे संवाद, डॉ. लागूंचे मास्तर आणि निळूभाऊंचा हिंदुराव. सगळी लढाई बोलण्यातली, आणि निळूभाऊ तर असे हळू, गुळगुळीत बोलतात की मशीनलाही ते सापडत नाहीत. म्हणून गेल्या महिन्यापासून रोज रात्री जेवणानंतर आम्ही ती डिस्क लावतो. यांचे कान शाबूत आहेत. हे एक वाक्य ऐकतात, रिमोटने थांबवतात, मला मोठ्याने सांगतात, आणि मी दोनशे पानी वहीत उतरवते. शुद्धलेखन बघूनच. वही पुरी झाली की ती मांडीवर घेऊन सिनेमा सलग बघायचा आहे.

कालपर्यंत बावीस मिनिटे झाली. यांचा घसा बसला आहे.